मडक्यातला पाहुणा

नागाइतका आपल्या घराघरांत वावरणारा आणि तरीही घरात नकोसा असलेला दुसरा प्राणी मला ठाऊक नाही. श्रावण शुद्ध पंचमीला पाटावर गंधाने त्याचे चित्र निघते, कुठे कुंभाराकडून मातीचा नाग येतो. त्याला दूर्वा, आघाडा, लाह्या, दूध वाहतात. त्या दिवशी घरात विळी चालत नाही, चुलीवर तवा चढत नाही, शेतात नांगर फिरत नाही. पुरणाची दिंडे उकडून नैवेद्य दाखवायचा. सासुरवाशीण त्याला भाऊ मानून त्याच्यासाठी उपवास धरते. पुढे कधी हाच भाऊ न्हाणीघराच्या मोरीतून डोके वर काढताना दिसला, की आळीतले झाडून सारे पुरुष काठ्या घेऊन धावतात. भावाची बहीण तेव्हा माजघरातून ओरडत असते, "सांभाळून हो, निसटू देऊ नका!"

पूजा आणि काठी या दोन टोकांच्या मधे आणखी एक नाते आहे. ते म्हणजे नाग पाळण्याचे. आमच्या शाळेत एका चुणचुणीत मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, कुत्रा पाळता येतो, मांजर पाळता येते, मग नाग का नाही?" मी म्हणालो, "बाळ, कायद्याची मनाई आहे." त्यावर तो म्हणाला, "पण गुरुजी, कायद्याला नाग चावेल म्हणून मनाई आहे की नागाला माणूस चावेल म्हणून?" वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर एक होते, आज अगदी दुसरे आहे. एकाच प्राण्याविषयी कायद्याचे मन असे कसे पालटले, त्याची हकीकत मोठी वाचनीय आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ती सांगावी म्हणून हा प्रपंच.

प्रथम गारुड्याकडे वळू. आपल्याकडे नाग पाळणारा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणी असेल, तर तो गारुडीच. खांद्यावर कावड, कावडीला वेताच्या टोपल्या, कमरेला पुंगी. टोपलीचे झाकण उघडायचे, पुंगी घुमवायची, आणि नागराज फणा काढून डोलू लागले की पोरांनी श्वास रोखायचा. आता हे सांगताना थोडा हिरमोड होईल, पण सांगितलेच पाहिजे. नागाला बाहेरचे कान नाहीत; पुंगीच्या रागदारीचे त्याला सोयरसुतक नसते. जमिनीतून येणारी थरथर त्याला उमगते, आणि समोर हलणाऱ्या पुंगीवर तो डोळा ठेवून असतो. आपण ज्याला डोलणे म्हणतो, ते त्या बिचाऱ्याचे सावध राहणे असते. दुधाचेही तसेच. उंदीर, बेडूक, क्वचित दुसरा साप हे त्याचे अन्न. दूध तो पितो ते कैक दिवस तहानलेला ठेवल्यामुळे, आणि ते त्याला मानवत नाही. कित्येक गारुडी दात उपटून टाकीत, कोणी तोंडही शिवीत. दात पुन्हा उगवतात. म्हणून ते काम वरचेवर करावे लागे. नागाचे असे पाळणे म्हणजे त्याला रोज थोडे थोडे मारणेच होते.

पण जुन्या कायद्याला नागाच्या या हालांशी कर्तव्य नव्हते. त्याला काळजी होती ती पाहणाऱ्याच्या जिवाची. १८७९ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे गणेश दुले नावाच्या गारुड्याचा खटला आला. त्याच्या नागाचे दात काढलेले नव्हते आणि ते त्याला ठाऊक होते. आपली करामत दाखवावी म्हणून त्याने तो नाग खेळ पाहणाऱ्यांपैकी एकाच्या डोक्यावर ठेवला. तो माणूस घाबरला, नाग झटकू लागला, नागाने दंश केला आणि माणूस मेला. गारुड्याच्या मनात मारण्याचा हेतू नव्हता हे न्यायालयाने मान्य केले. परंतु विषारी दात शाबूत असलेला नाग माणसाच्या डोक्यावर ठेवला तर जीव जाऊ शकतो, एवढी जाणीव त्याला असलीच पाहिजे, असे म्हणून त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले. हा निवाडा पुढे वकिलीच्या विद्यार्थ्यांना कित्येक पिढ्या शिकवला गेला. हेतू आणि जाणीव यांतला भेद समजावण्यासाठी नागापेक्षा उत्तम दाखला तरी कोणता मिळणार?

त्या काळी याच विषयावर दुसरे एक साधे कलमही होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे दोनशे एकोणनव्वदावे कलम. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मग तो प्राणी मारका बैल असो, चावरा कुत्रा असो की टोपलीतला नाग असो. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा हेच कलम दोनशे एक्याण्णव या आकड्याने तिच्यात येऊन बसले. दंड तेवढा पाच हजारांपर्यंत वाढला. म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाची हमी तेव्हाही मागितली जात होती, आजही मागितली जाते. फरक एवढाच, की त्या वेळी ही हमी दिली म्हणजे काम भागे. रानातला नाग ज्याने धरला त्याचा. तो त्याने पाळावा, मारावा, विकावा, कातडे काढून चपला कराव्यात. सरकार विचारायला येत नसे.

उलट सरकार त्याला मारण्याबद्दल बक्षीस देई. इंग्रजी अमदानीत साप मारून आणणाऱ्याला आणे मोजले जात. आपल्या रत्नागिरीच्या बाजूला फुरशांचा सुळसुळाट. तिथे ही बक्षिसे खूप गाजली. सर जोसेफ फेररनामक डॉक्टर कलकत्त्यास होते. त्यांनी हिंदुस्थानातील विषारी सापांवर एक भला थोरला ग्रंथ लिहिला, तो १८७२ साली निघाला. त्यातली रंगीत चित्रे हिंदी चित्रकारांच्या हातची आहेत, आणि ती इतकी देखणी आहेत, की ज्याचा नायनाट कसा करावा याचा विचार पुस्तकात आहे, त्याचेच रूप डोळ्यांत भरावे. हे १८७२ साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. बरोबर शंभर वर्षांनी त्याचा उलटा झोका आला.

मधल्या काळात नागाचे भाग्य पालटण्याचे खरे कारण घडले ते औषधाच्या निमित्ताने. आल्बेर काल्मेत या फ्रेंच वैद्याने पाश्चर संस्थेच्या परंपरेत राहून १८९५ च्या सुमारास नागाच्या विषावर पहिला प्रतिविषाचा उपाय सिद्ध केला. युक्ती अशी, की घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवीत न्यायची. घोड्याचे रक्त विषाशी झुंजायला शिकते, मग त्या रक्तातील रस काढून दंश झालेल्या माणसाला द्यायचा. म्हणजे विषावर उतारा हवा असेल तर मुळात विष हवे, आणि विष हवे तर जिवंत साप हवा! मेलेल्या सापाला आणा मिळत होता, जिवंत साप मात्र आता माणसाचा जीव वाचवू लागला. हे काम आपल्याकडे कसौलीला आणि मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत वाढले. प्लेगच्या साथीत १८९९ साली परळला सुरू झालेली ती प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिनच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिथे साप ठेवीत, त्यांचे विष काढीत, आणि ते कसे काढतात हे पाहायला लोक जात.

भारतात ज्या चार सापांच्या दंशाने बहुतेक माणसे दगावतात, ते म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आजचे प्रतिविष या चौघांवर मिळून तयार होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अंदाज केला आहे; म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली, शेतात वाकलेली, अंधारात अनवाणी चाललेली माणसे. नाग पाळण्याची गोष्ट सांगताना हा आकडा नजरेआड करून चालणार नाही. सापावर प्रेम करा असे सांगणे शहरातल्या माणसाला सोपे आहे. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला ते कोणत्या तोंडाने सांगावे?

आता ते शंभर वर्षांनंतरचे साल. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याआधी रानटी पशुपक्ष्यांसाठी १९१२ चा एक कायदा होता, पण त्याच्या यादीत हरणे, रानरेडे, गेंडे, बदके, माळढोक अशी शिकाऱ्यांच्या आवडीची मंडळी होती. सरपटणाऱ्यांना त्या पंगतीत पान नव्हते. १९७२ च्या कायद्याने हळूहळू त्यांनाही आत घेतले.

हा कायदा मी शब्दकोश हाताशी घेऊन वाचला आहे, आणि भाषेच्या मास्तराला त्यात एक गंमत सापडली. कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिली आहे. आपण शिकार म्हणजे बंदूक, हाकारे, मेलेले जनावर असे समजतो. कायदा म्हणतो, मारणे ही शिकार आहेच. पण पकडणे, सापळा लावणे, हुसकावणे हीसुद्धा शिकारच. म्हणजे एखाद्याने अत्यंत मायेने नागाला उचलून टोपलीत ठेवले, त्याला उंदीर खाऊ घातला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याने शिकार केली! नवव्या कलमाने अशी शिकार बंद केली आहे. आणि कायदा मोडून पकडलेला अथवा पाळलेला वन्य प्राणी हा एकोणचाळिसाव्या कलमाने सरकारची मालमत्ता ठरतो; तो हाती आलेल्या माणसाने अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलिसाला किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचे असते. घरात पिढीजात टांगलेला पोपटाचा पिंजरासुद्धा याच कायद्याच्या कक्षेत येतो, हे पुष्कळ घरांना अजून माहीत नाही.

मग कायदा म्हणतो तरी काय? नाग घरात शिरला, जिवावर बेतली, तर काय करावे? अकराव्या कलमाने त्याचीही वाट ठेवली आहे. आपला वा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने जनावर मारावे लागले तर तो गुन्हा नाही. बाराव्या कलमात आणखी एक किलकिले दार आहे. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, प्राणिसंग्रहालय, आणि जीवनरक्षक औषधासाठी सापाचे विष काढणे, अशा ठरावीक कारणांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवाना देऊ शकतो. कारणांची ही यादी नीट पाहावी. तिच्यात हौस नाही, करमणूक नाही, प्रेमही नाही. नाग हा आधी दुसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, त्याला वाघाच्या पंक्तीला म्हणजे पहिल्या अनुसूचीत बसवले. आता त्याला पकडून ठेवणाऱ्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय निदान २५,००० रुपये दंड. आणि त्याच्यासाठी बाराव्या कलमाखालचा परवाना हवा असेल, तर आधी दिल्लीची संमती लागते.

इंग्लंडातला प्रकार याहून निराळा. तिथे १९६०-७० च्या सुमारास धनिकांना सिंहाचे छावे आणि विषारी साप पाळण्याचे वेड लागले होते. १९७६ साली तिथे धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा झाला. तो नाग पाळू देतो. पण स्थानिक कौन्सिलचा परवाना हवा, पशुवैद्याने जागा तपासलेली हवी, आणि कोणाला इजा झाली तर भरपाईसाठी विमा उतरवलेला हवा. तिथला नाग परदेशातून गेलेला, पिंजऱ्यातच जन्मलेला; त्याच्या मागे रान नाही. म्हणून तिथल्या कायद्याची चिंता शेजाऱ्यापुरती. आपल्याकडे नाग बांधावर आहे, उसाच्या फडात आहे. त्याला घरात आणायचा तर कुठून तरी उणा करावा लागतो. परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंद करावी असे नियम आपल्याकडेही २०२४ साली झाले. पण मातीतल्या नागाला त्या नोंदवहीत जागा नाही.

आता मी वाचकांना सांगली जिल्ह्यात, मोरणेच्या काठी नेतो. बत्तीस शिराळा हे नाव कानांवर न पडलेला मराठी माणूस विरळा. भोवतालच्या बत्तीस गावांचे हे मुख्य ठाणे. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथला. पण गावाची कीर्ती झाली ती नागपंचमीमुळे. कथा अशी, की गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या दारात उभे राहिले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती, तिला भिक्षा आणायला उशीर झाला. नाथांनी विचारले, "जिवंत नाग आला तर पूजशील का?" बाई हो म्हणाली, आणि नाथांनी मातीचा नाग जिवंत केला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नागाची पूजा सुरू झाली, असे गावचे लोक सांगतात.

पंचमीच्या काही आठवडे आधी गल्लीगल्लीतील तरुणांची मंडळे काठी-कुदळ घेऊन रानात पांगत. ओल्या जमिनीवरचा माग, बिळाच्या तोंडाशी पडलेली कात, यांवरून नाग हुडकीत, बीळ खणीत, आणि त्याला अलगद धरून मातीच्या मडक्यात ठेवीत. मडक्याच्या तोंडाला फडके बांधीत. महिनाभर तो घरचा पाहुणा असे. त्याचे दात काढीत नसत. तो दुखावला तर पाप लागते अशी भावना होती. पंचमीला मडकी अंबामातेच्या देवळात जात, मग बैलगाड्यांतून आणि पुढे ट्रॅक्टरांवरून मिरवणूक निघे. दारोदार सुवासिनी जिवंत नागाला ओवाळीत. कोणाचा नाग लांब, कोणाचा फणा उंच, याच्या चढाओढी लागत. दुसऱ्या दिवसापासून नाग रानात, जिथून आणला तिथे, सोडून देत. हा सोहळा पाहायला देशोदेशीचे लोक येत.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सापांच्या अभ्यासकांनी मांडली. जो प्राणी एकटा, अंधारात, थंड बिळात राहतो, त्याला आठवडेच्या आठवडे मडक्यात कोंडायचे, मग कर्ण्यांच्या गोंगाटात, उन्हात, हजारोंच्या गर्दीत तासन्‌तास फणा काढायला लावायचा. त्यातले कित्येक जखमी होतात, पुष्कळ पुढे जगत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. २००२ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि वन्यजीवांचा कायदा शिराळ्यालाही लागू आहे, असे ठरले. काही वर्षे कायदा एका बाजूने आणि प्रथा दुसऱ्या बाजूने चालत राहिली. २०१४ पासून बंदीचा अंमल खरोखर कडक झाला. रस्त्यावर पोलीस आणि वनरक्षक उभे राहिले. नागाच्या जागी प्रतिमा आली. गोरक्षनाथांनी मातीच्या नागात जीव घातला होता. कायद्याने पंचमीपुरता तो पुन्हा मातीचा केला.

त्या भागातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी माझे यावर बोलणे झाले होते. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. तो म्हणाला, "गुर्जी, म्हैनाभर त्यो आमच्यात म्हायेरपणाला यायचा. म्हायेरवाशिणीला घरी आणली म्हून कुणी खटला भरतं व्हय?"

मी त्याला लगेच काही बोललो नाही. मोठ्या माणसाशी वाद घालण्याची ती जागा नव्हती. पण ते वाक्य मनात रुतून बसले. पुढे विचार करताना वाटले, की त्याच्या उपमेतच त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. माहेरवाशीण स्वतःच्या पायांनी येते, तिला जायचे असेल त्या दिवशी बैलगाडी जुंपून द्यावी लागते. नागाला मात्र कुदळीने बीळ फोडून आणावे लागे, आणि मडक्याचे फडके बाहेरून बांधलेले असे. माया खरी होती यात मला शंका नाही. पण मायेला समोरच्याची संमती लागते, आणि नाग ती देऊ शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने कोणी तरी बोलायला हवे होते. ते काम कायद्याने केले.

तरीही म्हाताऱ्याचे दुःख खोटे ठरत नाही. शिराळ्याच्या पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या नाग मारणे हे पातक मानले गेले. लहान पोराला नागाची चाल, त्याचा फूत्कार, त्याच्यापासून किती अंतरावर उभे राहावे हे शिकवावे लागत नसे. हे ज्ञान पुस्तकातले नव्हते, हातातले होते. हात रिकामे झाले तर ते ज्ञान एक-दोन पिढ्यांत विरून जाईल, आणि ज्याला नाग ओळखू येत नाही तो काठी उचलतो. असे झाले तर बंदीने वाचवलेले नाग भीतीने मारले जातील. हे भय मला खरे वाटते.

यातून मार्ग कसा निघू शकतो, हे दक्षिणेत पाहायला मिळते. तमिळनाडूत इरुळा नावाची आदिवासी जमात आहे. साप हुडकण्यात त्यांचा हात धरणारे जगात थोडे. पूर्वी ते सापाच्या कातड्यावर पोट भरीत. कायदा आला, १९७६ साली कातड्यांची निर्यात थांबली, आणि त्यांची चूल विझली. १९७२ साली मद्रासला सर्पोद्यान उभारणारे रोम्युलस व्हिटेकर यांनी त्यांच्यासह १९७८ मध्ये एक सहकारी संस्था काढली. इरुळा साप धरतात, पण परवान्याने आणि ठरलेल्या संख्येतच. महाबलीपुरमजवळ वडनेम्मेली येथे ते साप ठेवतात. कशात, म्हणाल? मातीच्या मडक्यांत! वर तसेच फडके. सुमारे तीन आठवड्यांत चार वेळा विष काढतात, पोटाखालच्या खवल्यावर खूण करतात म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये, आणि रानात सोडून देतात. ते विष प्रतिविष करणाऱ्या कारखान्यांत जाते आणि कुठल्याशा आडगावी, रात्री कंदिलाच्या उजेडात मरू घातलेल्या कोणाच्या तरी शिरेत उतारा होऊन पोहोचते. वडिवेल गोपाल आणि मासी सडैयान या दोघा इरुळा सर्पज्ञांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मडके तेच, फडके तेच, धरणारा हातही तितकाच कसबी. बदलले ते कारण, आणि सोडून देण्याची लेखी अट.

आपल्याकडेही अशी माणसे झाली. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० च्या जानेवारीत काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काढले, तेही साप उगाच चावत नाही हे लोकांना पटावे म्हणून. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले आणि मुलांना भीतीवाचून साप पाहण्याची जागा मिळाली. गावोगावी आज 'सर्पमित्र' आहेत. रात्री-अपरात्री ते धावून येतात, साप धरतात, वनखात्याला कळवून रानात सोडतात. काठीच्या जागी टेलिफोन आला ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र काही तरुणांना सोडण्याचा विसर पडतो. धरलेला नाग चार दिवस घरी राहतो, मग गळ्यात घालून छायाचित्रे निघतात. अशा खेळात कित्येकांनी जीव गमावला आहे, कित्येकांवर खटले झाले आहेत. गणेश दुले काय किंवा हे तरुण काय, सर्वांना खात्री होती की नाग आपल्याला ओळखतो. नाग कोणालाच ओळखत नाही. त्याला आपण धोका वाटतो किंवा वाटत नाही, एवढेच.

शिराळ्याची गोष्ट मात्र बंदीपाशी संपली नाही. २०२५ च्या नागपंचमीला केंद्र सरकारने शिराळ्यातील एकवीस जणांना, शिक्षणाच्या कारणाखाली आणि मोजक्या दिवसांपुरती, नाग धरण्याची परवानगी दिली. मिरवणूक नाही, चढाओढ नाही, करमणूक नाही. नागाची ओळख नव्या पिढीला करून द्यायची आणि त्याला सोडून द्यायचे. बाराव्या कलमाचे ते किलकिले दार शिराळ्यासाठी एवढे उघडले. कोणाला हे फार वाटते, कोणाला फारच थोडे. मला त्यात शहाणपणाची एक सुरुवात दिसते. हातातले ज्ञान टिकले पाहिजे आणि नागही टिकला पाहिजे, अशी ही तडजोड आहे. ती नीट पार पडते की पुन्हा मिरवणुकीच्या वाटेने जाते, हे गावाच्या हाती आहे. आणि नाग जपण्याचा अभिमान ज्या गावाने इतकी वर्षे मिरवला, त्याच्यावर एवढा भरवसा टाकायला हरकत नाही.

कायदा म्हणजे कोरडी गोष्ट, असे आपण समजतो. परंतु नागाच्या बाबतीत त्याने दीडशे वर्षांत जो प्रवास केला, तो एखाद्या माणसाने आयुष्यात करावा असा आहे. आधी तो नागापासून आपल्याला वाचवायला पाहत होता, मग नागाच्या विषाने आपल्याला वाचवू लागला, आणि शेवटी आपल्यापासून नागाला वाचवायला उभा राहिला. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मनाई दोन्हीसाठी आहे.

आपल्या जुन्या घरांत पाहुण्याचा एक नियम असे. पाहुणा आला तर पाय धुवायला पाणी द्यावे, निघाला तर हातावर दही घालावे, पण त्याचे पागोटे लपवून त्याला अडवून ठेवू नये. घराच्या वळचणीला, बांधावर, उसाच्या सरीत तो आपल्या उंदरांचा बंदोबस्त करीत आपल्याआधीपासून राहत आला आहे. रात्री बाहेर पडताना कंदील किंवा बॅटरी हाती धरावी, पायांत जोडे असावेत, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न धावता थेट दवाखाना गाठावा. एवढे आपण सांभाळले तर त्याला पाळण्याची गरज नाही, आणि मारण्याचीही नाही.